देनिएतली चांदी : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, तूर (फ्रान्स)

उद्या संक्रांत. तीळ भाजून झालेत, गूळ अजून चिरायचाय, आणि मी इथे नवी वही उघडून बसलेय.

काय करायचं ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांत मीच पळवाटा काढणार. फ्रान्सची मध्ययुगीन चांदीची नाणी जमवायची, पण दिसेल ते उचलायचं नाही. देनिए या एकाच नाण्याच्या मागे लागायचं. आठव्या-नवव्या शतकातल्या सम्राट शार्लमेनच्या काळात या देनिएत किती चांदी होती, तेराव्या शतकातल्या राजा संत लुईच्या काळात किती उरली, इंग्रजांशी शतकभर चाललेल्या युद्धात किती, हे वाचून झालंय. आता हातात घेऊन तोलायचं. जास्तीत जास्त आठ नाणी, वर्षाला १२०० युरो, त्यावर एक छदामही नाही.

हिशेब सोपा. १२ देनिएंचा १ सू, २० सूंचा १ लिव्र. म्हणजे लिव्रचे २४० देनिए. कित्येक शतकं प्रत्यक्ष हातात खेळलं ते देनिएच, सू आणि लिव्र फक्त जमाखर्चात. नाशिकला आबाकाकांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग यात नवीन काय? बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया." काकांचं आयुष्य सराफ बाजारातल्या गादीवर गेलं. परदेशातली कुठलीच गोष्ट त्यांना नवीन वाटत नाही.

मी राहते त्या तूर गावाच्या नावाचं नाणं पुढे सगळ्या फ्रान्सचं झालं. हा छंद माझ्यामागे लागला त्याचं निम्मं कारण ते. उरलेलं निम्मं काकांच्या गादीवर आहे.

२७ जानेवारी

सामान: ०.०१ ग्रॅमचा काटा, दहापट भिंग, मान वळणारा टेबलदिवा, पाकिटं. पाकिटं घेताना पीव्हीसी नाही ना हे बघून घेतलं, कारण ते प्लास्टिक काही वर्षांत हिरवट चिकट पाणी सोडतं आणि नाणं खातं.

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली ०.०००१ ग्रॅमचा काटा आहे. तो औषधांसाठी आहे. दुपारच्या सुट्टीत नाणं खिशातून काढायचा मोह होणार हे मला आत्ताच दिसतंय. नाही करायचं.

११ फेब्रुवारी

पहिलं नाणं. संत लुईचा, म्हणजे नवव्या लुईचा देनिए तुर्नुआ (तूरचा देनिए), २४ युरोला. एका बाजूला क्रॉस आणि "लुडोविकुस रेक्स", दुसरीकडे तो प्रसिद्ध किल्ल्यासारखा आकार आणि भोवती "तुरोनुस किवी", तूर नगर. वजन १.०२ ग्रॅम. टाकसाळीतून निघालं तेव्हा १.१२च्या आसपास असणार. आठशे वर्षांत दहा टक्के झिजलं, तक्रार करायला जागा नाही.

आता मी काय केलं ते. नाणं काळपट होतं. आबाकाका म्हणाले, "रिठ्याच्या पाण्यात टाक, चांदी कशी उजळते बघ." मी टाकलं. तिथवर ठीक होतं. मग दात घासायचा जुना ब्रश घेतला.

पाच मिनिटांत क्रॉसच्या चारही टोकांवर तांबूस डाग. चांदी कुठे गेली? कुठेच गेली नाही, ती वरच्यावरच होती. या देनिएत चांदी जेमतेम ३० टक्के, बाकी तांबं. असल्या हिणकस चांदीला फ्रेंच लोक बियोँ म्हणतात. टाकसाळीत अशी चकती ठसा मारण्याआधी आंबटात उकळत. पृष्ठभागावरचं तांबं विरघळून जाई आणि वर चांदीचा पातळ पापुद्रा राही, नाणं पांढरंशुभ्र दिसे. म्हणजे राजाने जो मुलामा दिला तो आठशे वर्षं टिकला आणि मी तो ब्रशने पाच मिनिटांत उतरवला.

काकांना सांगितल्यावर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, मी चांदी म्हणालो होतो. हे चांदी कुठे आहे?" बरोबर आहे. नियम एक: नाणं धुवायचं नाही. कधीच नाही.

३ मार्च

सकाळी र्यू दे आल गल्लीत जाऊन शार्लमेन मनोऱ्याखाली उभी राहिले. सेंट मार्टिनच्या जुन्या भव्य चर्चचं आता दोन मनोऱ्यांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही. त्यांतलाही हा मनोरा १९२८ साली अर्धा कोसळला होता. मधून रस्ता गेलाय. जिथे यात्रेकरू गुडघे टेकत तिथे आता सायकली लावतात.

देनिए तुर्नुआ मुळात राजाचा नव्हेच, तो या मठाचा. सेंट मार्टिनचा मठ स्वतःची टाकसाळ चालवायचा. १२०४-०५च्या सुमारास दुसऱ्या फिलिपने हा तुरेन प्रांत इंग्लंडच्या जॉनकडून हिसकावला आणि इथलं नाणं मोडीत काढण्याऐवजी त्यावर आपलं नाव घातलं. शहाणपणाचं काम. लोकांच्या हाताला जे सवयीचं आहे ते बदलू नये. राजघराण्याचं स्वतःचं नाणं होतं पॅरिसचं, देनिए पारिजी. ते थोडं जड. ४ पारिजी बरोबर ५ तुर्नुआ. दोन्ही शेजारी शेजारी चालली, पण शेवटी हलकंच जिंकलं. थेट राज्यक्रांतीपर्यंत फ्रान्सचा जमाखर्च लिव्र तुर्नुआत लिहिला जात होता.

संत लुईने १२६०च्या दशकात आणखी एक पाऊल टाकलं. सरदारांची नाणी त्यांच्या त्यांच्या मुलखात, राजाचं नाणं मात्र सगळीकडे चालेल. बाकीच्यांच्या टाकसाळी त्याने बंद केल्या नाहीत, त्यांचं नाणं नुसतं वेशीवर अडवलं.

काकांचं यावर म्हणणं: "मग सराफांची चंगळच असेल." असणारच. जिथे दहा गावांची दहा नाणी तिथे बट्टा, आणि जिथे बट्टा तिथे सराफ. शाँपेन प्रांतातल्या व्यापारी जत्रांमध्ये बाक मांडून बसलेले नाणी बदलणारे आणि नाशकातले काकांचे आजोबा यांनी एकमेकांची वही सहज वाचली असती.

९ एप्रिल, पाडवा

घरच्या गुढीला इथे काठी मिळत नाही, पडद्याचा दांडा काढून उभारली. आणि पाडव्याची खरेदी: शार्त्र गावचा देनिए, ५५ युरो, अकराव्या-बाराव्या शतकातला.

हे नाणं प्रकल्पात बसत नाही. सरंजामी नाणं, राजाचा संबंध नाही. पण मला ते सोडवेना. एका बाजूला क्रॉस. दुसऱ्या बाजूला एक आडवी वस्तू, तीन दात, एक ठिपका, दोन रेघा. किल्ली? नांगर? उलटी खुर्ची? ते माणसाचं डोकं आहे. शिनाँ गावच्या एका जुन्या नाण्यावर राजाचा चेहरा होता. त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, आणि दोन-तीन पिढ्यांत ठसे कोरणाऱ्यांना आपण काय कोरतोय हेच कळेनासं झालं. नाक गेलं, डोळा ठिपका झाला, मुकुटाची मणिमाला एक रेघ झाली. लोकांनी मात्र नाणं घेतलं, कारण आकृती ओळखीची होती.

मी हे आधी कुठे पाहिलंय ते बसमध्ये आठवलं. आपली गधैया नाणी! गुजरात-राजस्थानात आणि आपल्याकडेही सापडणारी, जाडजूड, ठिपके आणि रेघांची. तीही इराणच्या सासानी राजा पेरोझच्या नाण्याच्या नकलेची नक्कल. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, आणि शेवटी दोन्हींचं झालं ठिपके अधिक रेघा. काळही साधारण तोच. शार्त्रच्या कारागिराला पश्चिम भारताचा पत्ता माहीत नव्हता, पण हात एकाच रीतीने विसरत जातात असं दिसतं.

तूरच्या नाण्यावरचा किल्लाही खरं तर किल्ला नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते शार्लमेनचा मुलगा लुई याच्या नाण्यावरचं देऊळ आहे, खांब आणि त्रिकोणी माथा असलेलं, भोवती ख्रिस्ती धर्माचं नाव. तेही असंच बिघडत बिघडत किल्ला झालं.

वजन १.३० ग्रॅम. पाकिटावर लिहिलं: "प्रकल्पाबाहेर, पाडवा."

२१ एप्रिल

आता मुख्य मासा. ग्रो तुर्नुआ. १२६६ साली संत लुईने काढलेलं मोठं चांदीचं नाणं, १२ देनिए किमतीचं. जो सू इतकी शतकं फक्त वहीत होता तो पहिल्यांदा हातात आला. युरोपभर याच्या नकला झाल्या. १३०० साली प्रागला निघालेला ग्रोश याच घराण्यातला, आणि पोलंडमध्ये आजही सुट्टी नाणी ग्रोशच.

एका ऑनलाइन लिलावात एक सापडलं. वर्णनात "दुर्मीळ", आणि पुढे आकाराने मोठा झालेला शब्द "अति". अक्षरांच्या मधल्या ठिपक्यांचा वेगळा प्रकार म्हणे. २१० युरोला घेतलं. जास्त आहे, पण "अति".

२ मे

आलं. दिसायला देखणं. हातात घेतल्यावर काहीतरी खटकलं, काय ते सांगता येईना. ४.०२ ग्रॅम, वजन ठीक. आबाकाकांना व्हिडिओवर दाखवलं. "वाजवून बघ." मी म्हटलं, काका, साडेसातशे वर्षांची चांदी ठिसूळ होते, आपटली तर दोन तुकडे. "मग सराफाने करायचं काय, वास घ्यायचा?"

पाण्याची परीक्षा केली. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करायचं, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काट्यावर जो आकडा येतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. ग्रो तुर्नुआची चांदी जवळजवळ ९६ टक्के, म्हणजे १०.४च्या आसपास यायला हवं. ४.०२ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर ०.३९ दिसायला पाहिजे.

०.४५ दिसलं. पुन्हा केलं. ०.४५. दोरा बदलला. ०.४५. घनता ८.९. यात चांदी औषधालाही नाही.

मग रात्री दीडपर्यंत जुन्या लिलावांचे फोटो चाळत बसले आणि जुळं भावंड सापडलं. तसंच नाणं, आणि कडेला त्याच जागी, "रेक्स"च्या वर, तशीच खोच. दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण कडेला लागलेला मार दोघांना एकाच जागी एकसारखा लागत नाही. कुणीतरी एका खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतकाम केलंय आणि खोचही ओतली गेलीय. भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या बुडाशी बारीक पुटकुळ्याही दिसल्या, ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे. आधी "अति" वाचलं, पुटकुळ्या नंतर दिसल्या.

विकणाऱ्याने पैसे परत दिले. चूक कबूल केली नाही, पण पैसे दिले.

एक महत्त्वाचं टिपून ठेवते. ही पाण्याची परीक्षा ग्रोसारख्या चार ग्रॅमच्या नाण्याला चालते. एक ग्रॅमच्या देनिएला नाही. तिथे बाजूला सरलेलं पाणीच ०.११ ग्रॅम, आणि माझा काटा ०.०१ इकडे-तिकडे होतो. नऊ टक्क्यांची चूक घेऊन कुणाला खोटं ठरवायचं?

१० मे, अक्षय्य तृतीया

काकांच्या दुकानात आज पाय ठेवायला जागा नसणार. मी पॅरिसला गेले. जुन्या शेअरबाजाराजवळ र्यू व्हिव्हिएन नावाची गल्ली आहे, तिथे नाणेवाल्यांची दुकानं ओळीने. सराफ बाजाराचा तोच भाव: बाहेर छोटी काच, आत काउंटर, मागे लोखंडी कपाट, आणि गिऱ्हाईक आत आल्यावर आधी त्याच्या बुटांकडे बघणारा मालक.

इथल्या मालकीणबाई साठीच्या. मी काटा काढला तशी भुवई उंचावली, मग स्वतःचा काटा पुढे केला. म्हणाल्या, माझ्यावर तोला, तुमच्यावर तोला, दोन्हींत फरक पडला तर तुमचा काटा फेका. फरक पडला नाही. ४.११ ग्रॅम. पाण्यात घालायला मात्र साफ नकार. घरी येऊन घातलं: ०.४०. घनता १०.३. खरं! १९० युरो.

काय नाणं आहे! सव्वीस मिलिमीटरच्या आत दोन ओळी, एकात एक गोल. आतल्या गोलात "लुडोविकुस रेक्स", बाहेरच्यात देवाच्या नावाचा लॅटिन जयजयकार. पाठीमागे तूरचा किल्ला आणि त्याभोवती १२ लिलीची फुलं. मोजून बारा, कारण हे बारा देनिएंचं नाणं. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही फुलं मोजता येतात. एकात एक गोल लिहिण्याची रीत लुईने पूर्वेत पाहिलेल्या अरबी दिरहमांवरून आली असं पुष्कळजण मानतात. तो १२५० साली इजिप्तमध्ये कैद झाला होता आणि नंतर काही वर्षं पॅलेस्टाइनमधल्या अक्का (एकर) बंदराच्या बाजूला होता, तेव्हा ती नाणी त्याच्या हाताखालून गेली असणारच.

आता ज्यासाठी हे सगळं चाललंय ते गणित. टाकसाळीत वजन मार्कात धरत. त्र्वा गावचा मार्क २४४.७५ ग्रॅम, आपल्या हिशेबात जवळजवळ बरोबर २१ तोळे. एका मार्कातून ५८ ग्रो पाडायचे. २४४.७५ भागिले ५८, म्हणजे ४.२२ ग्रॅम. चांदी "राजाची", २४ भागांत २३ शुद्ध. शुद्ध चांदी ४.०४ ग्रॅम.

आणि आता माझा तो ब्रशने घासलेला बिचारा देनिए: १.१२ ग्रॅम गुणिले ३० टक्के, म्हणजे ०.३३६. गुणिले बारा. ४.०३.

वहीत दोनदा करून पाहिलं. बारा हिणकस नाण्यांतली चांदी आणि एका बावनकशी नाण्यातली चांदी एकच. टाकसाळीने लोकांना फसवलं नाही. तांबं घातलं ते नाणं हातात धरण्याएवढं मोठं व्हावं म्हणून. ०.३४ ग्रॅम शुद्ध चांदीची चकती मासळीच्या खवल्याएवढी झाली असती.

काकांना संध्याकाळी आकडे वाचून दाखवले. "हां," म्हणाले, "हा राजा गादीवर बसवायला हरकत नाही." त्यांच्या तोंडून गादी म्हणजे दुकानाची.

२२ जून

प्वात्येवरून मेल या गावी. इथे फ्रँक राजांच्या चांदीच्या खाणी आहेत, जमिनीखाली, बघायला खुल्या. बाहेर ३१ अंश, आत स्वेटर.

खरं तर इथलं खनिज शिशाचं, गॅलिना, आणि चांदी त्यात दडलेली. सुरुंगाची दारू नव्हती, म्हणून खडकाला लागून लाकडं रचून पेटवत. तापून खडकाचे पापुद्रे सुटत, मग टिकावाने उकरायचे. त्यामुळे इथल्या भिंतींना कोपरा नाही, सगळ्या खोल्या भाकरी फुगावी तशा गोल. छतावर काजळी. एका चांदीच्या नाण्यासाठी किती जंगल जळलं असेल याचा अंदाज भिंतीला हात लावल्यावर येतो. मग खनिज वितळवून शिसं काढायचं, शिसं पुन्हा तापवून उडवायचं, आणि तळाशी उरते ती चांदी.

७९३-९४च्या सुमारास शार्लमेनने देनिए जड केला, सुमारे १.७ ग्रॅम, जवळपास शुद्ध चांदीचा. मेलची टाकसाळ खाणीच्या दारातच. इथल्या नाण्यांवर मधोमध "कारोलुस" या नावाच्या अक्षरांची क्रॉसभोवती गुंफलेली मुद्रा आणि भोवती गावाचं नाव, "मेतुल्लो". पण गोम अशी: शार्लमेनचा नातू, टकला शार्ल, याचंही नाव तेच, मुद्राही तीच. ८६४ सालच्या पीत्रच्या फर्मानात त्याने टाकसाळींची संख्या आवळून मोजकी केली, त्यांत मेल आहेच. मग हातातलं नाणं आजोबांचं की नातवाचं? यावर अभ्यासक पिढ्यान्पिढ्या भांडतायत. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, तेव्हा या भांडणाची मला गंमत वाटते. भावात मात्र गंमत नाही. पाकिटावर "शार्लमेन" लिहिलं की किंमत कशी चढते ते पाहिलंय.

मेलचं आणखी एक नाणं आहे, शार्लमेनच्या मुलाचं, लुईचं. त्यावर चक्क नाणं पाडायची अवजारं: दोन हातोडे, दोन ठसे. टाकसाळीने स्वतःचाच फोटो काढावा तसं. ते दुर्मीळ, खरोखरचं दुर्मीळ. ते या वहीत कधीही येणार नाही, एवढं इथे लिहून मोकळी होते.

१४ जुलै

राष्ट्रीय सुट्टी, बाहेर फटाके. मेलचा देनिए आला, २९० युरो, वर्षातला सर्वांत महाग. १.६८ ग्रॅम. विकणाऱ्याने "टकला शार्ल" लिहिलं होतं, मी "शार्ल" एवढंच लिहिलं.

तळहातावर ठेवला. घासलेल्या देनिएच्या शेजारी. नाव एकच, हिशेबात किंमत एकच, एक देनिए. एकात चांदी दीड ग्रॅमच्या वर, दुसऱ्यात त्याच्या साधारण पाचवा हिस्सा.

१८ ऑगस्ट

चौथ्या फिलिपचं नाणं घ्यायचं होतं, बजेट नाही म्हणतंय. नुसती टिपण.

संत लुईचा हा नातू. फ्लांडर्स आणि गॅस्कनीच्या युद्धांना पैसा हवा, म्हणून १२९५ पासून नाण्यात खोट घालायला लागला. दहा-अकरा वर्षांत जो ग्रो १२ देनिएंना मिळायचा त्याचा भाव तिपटीच्या वर गेला. ग्रो तोच, देनिए कुजले. इथवर लोक कुरकुरले. खरा भडका उडाला तो १३०६ साली, राजाने नाणं पुन्हा चोख करायचं ठरवल्यावर. घरमालक म्हणाले, भाडं नव्या चोख नाण्यात द्या. म्हणजे एका रात्रीत भाडं तिप्पट. पॅरिसमध्ये दंगल झाली, एत्येन बार्बेत या बड्या असामीचं घर लुटलं, राजा टेंपल सरदारांच्या, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या संन्यासी योद्ध्यांच्या, गढीत अडकून पडला. पुढच्याच वर्षी त्याने त्याच टेंपलवाल्यांना पकडलं, ती गोष्ट वेगळी.

हे वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नाणं हलकं करणारा राजा फक्त देणेकऱ्यांना आवडतो आणि नाणं जड करणारा फक्त घेणेकऱ्यांना. काका म्हणाले, "आणि सराफ दोघांकडून घेतो."

२९ सप्टेंबर

ब्लाँ गेनार. सहाव्या शार्लने १३८५ साली काढलेलं, १० देनिए किमतीचं. ढालीवर तीन लिली, मागे क्रॉस, त्याच्या कोपऱ्यांत दोन मुकुट, दोन फुलं. दिसायला मला ग्रोपेक्षा कमी आवडतं, पण यात एक खेळ आहे.

१३८९ साली टाकसाळींना गुप्त ठिपका नेमून दिला. नाण्यावरच्या लेखातल्या ठरावीक क्रमांकाच्या अक्षराखाली टिंब. क्रेमियू पहिलं अक्षर, रोमाँ दुसरं, तुलूज पाचवं, तूर सहावं, रूआँ पंधरावं, पॅरिस अठरावं. एखादं नाणं वजनात किंवा कसात कमी भरलं की टिंब मोजायचं आणि त्या टाकसाळीच्या मुख्याची मान धरायची. समोरचा लेख "कारोलुस फ्रांकोरु रेक्स", लॅटिनमध्ये बरोबर अठरा अक्षरं. पॅरिसचं टिंब शेवटच्या अक्षराखाली.

तूरचं सहावं. म्हणजे समोर "कारोलुस"मधल्या व्ही अक्षराखाली. माझ्या गावाचं टिंब!

एका यादीत "टाकसाळ अनिश्चित" असं एक गेनार आहे. फोटो मोठा करून पाहिला. समोरच्या बाजूला टिंब स्पष्ट. मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा! विकणाऱ्याला मोजता आलं नाही आणि मला आलं. दुसरा एकजण बोली वाढवत होता, त्यालाही कळलं असावं. नव्वदपर्यंत जायचं ठरवलं होतं, १३० ला घेतलं.

६ ऑक्टोबर

आलं. ३.०९ ग्रॅम.

मागची बाजू फोटोत काळोखी होती, ती दिव्याखाली तिरपी धरली. मागचा लेख "सित नोमे द्नी बेनेदिक्तु". तिथे सहावं अक्षर एम. टिंब एमखाली नाही. त्याच्या आधीच्या ओ अक्षराखाली आहे. पाचवं.

समोर उलटवलं. पुन्हा मोजलं. लेखाच्या सुरुवातीला एक बारीक क्रॉस असतो, लेख कुठून वाचायचा ते दाखवणारा. मी त्या दिवशी त्याला "एक" म्हणून मोजला होता. तो अक्षर नाही. टिंब एल अक्षराखाली आहे, व्हीखाली नाही. पाचवं. तुलूज.

मला चाळीस युरो महाग पडलेली शहाणी मीच. त्या दुसऱ्या बोलीवाल्यानेही क्रॉस मोजला असेल का, हा विचार करून थोडं बरं वाटतं.

१३ ऑक्टोबर

सहाव्या हेन्रीचा मोठा ब्लाँ, ९५ युरो. हा इंग्रजांचा राजा, फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणारा. दोन ढाली शेजारी शेजारी, फ्रान्सची आणि इंग्लंडची. नोव्हेंबर १४२२ मध्ये हे नाणं सुरू झालं तेव्हा राजेसाहेब अकरा महिन्यांचे, रांगत असतील. इथे टिंबांऐवजी चित्र: पॅरिसला मुकुट, त्र्वाला गुलाब. माझ्यावर बिबट्या, म्हणजे रूआँ. तिथेच १४३१ साली जोन ऑफ आर्कला जाळलं. या नाण्याच्या जोरावर तिथे तेव्हा भाजी विकत घेता येत होती. चित्र आहे, मोजायचं काही नाही, म्हणून चूक नाही.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

संध्याकाळी व्हिडिओवर काकांनी गादीची पूजा केली, मी इकडे ताम्हनात नाणी ठेवली. कुंकू लावू का विचारलं. "हळदकुंकू ओलं असतं," काका म्हणाले, "तूच म्हणालीस ना, नाणं ओलं करायचं नाही." म्हणून बाजूला एक सुका झेंडू.

मग त्यांनी एकेक नाणं कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं. बाकीच्यांवर काही बोलले नाहीत. फसलेल्या गेनारवर म्हणाले, "याला काय झालंय? चांगलं आहे की. तुझं गाव नाही म्हणून बट्टा लावतेस?"

११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा दिवस

बॅसिलिकाच्या तळघरात संताच्या समाधीपाशी गर्दी. मेणबत्त्या, पाऊस, ओल्या कोटांचा वास. बाहेर येऊन मनोऱ्याखाली उभी राहिले, वहीत शेवटचे आकडे घातले.

एका देनिएतली चांदी, ग्रॅममध्ये. मेलचा शार्ल: दीडच्या वर. संत लुई, १२६६: ०.३४. गेनार, १३८५: मार्कला ७५ नाणी, निम्म्याहून कमी चांदी, दहा देनिए, म्हणजे ०.१६. हेन्री: ०.१३. मधे फिलिपची जागा रिकामी, पुढच्या वर्षी. खर्च ७८४ युरो, अधिक काटा, भिंग, दिवा. खोट्या ग्रोचे परत आले ते धरलेले नाहीत. शार्त्रचं डोकं धरलंय, प्रकल्पाबाहेर असलं तरी.

लाकडी ट्रेमध्ये आठ खळगे आहेत. सहा भरलेत. सातव्यावर चिठ्ठी: "चौथा फिलिप." आठव्यावर: "गेनार, सहावं अक्षर. क्रॉस मोजू नये."